रविवारच्या सूचना

उपदेश कशावर होता, असं सोमवारी कुणी विचारलं तर आमच्या गावची माणसं डोकं खाजवायची. सूचना काय काय होत्या, ते मात्र धडाधड सांगायची. कुणाच्या लग्नाची दुसरी पुकार झाली, कुणाची म्हातारी मिरजेच्या दवाखान्यात नेली, पावसाळ्याआधी चर्चची कौलं कधी चाळायची आणि त्याला घरटी कोण येणार, हे सगळं पाठ असायचं. शेवटचं गीत आणि आशीर्वाद यांच्या मधली ती दहा मिनिटं. तेवढ्यात पुढच्या आठवड्याचं गाव आमच्यापुढं उभं राहायचं.

आमचं गाव पन्हाळा तालुक्यातलं, कोडोलीच्या अंगाला, वारणेच्या खोऱ्यात. चहूकडं ऊस, वरच्या बाजूला भात आणि भुईमूग, आणि मान वर केली की जोतिबाचा डोंगर. ख्रिस्ती माणसांची वीस-बावीस घरं गावाच्या कडेला. पणजोबांच्या आधीपासून ती तिथंच होती. बाप्तिस्म्यानं देव बदलला, घराची जागा काही बदलली नाही.

रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन पाद्री १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीनं हाती घेतलं, आणि मग सांगली, मिरज, कोडोली अशी ठाणी होत गेली. मिरजेला डॉक्टर वानलेस यांचा दवाखाना १८९४ साली उघडला. आमच्याकडं 'मिरजेला नेलं' एवढं म्हटलं की आजार मोठा आहे, हे कळायचं. प्रेस्बिटेरियन हा शब्द आमच्या आजीच्या जिभेवर कधी नीट बसला नाही. ती 'पिरिसबिटर' म्हणायची. मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे वडील. मंडळीचा कारभार एकट्या पाळकानं हाकायचा नाही, मंडळीनं निवडलेल्या वडिलांनी त्याच्याबरोबर बसून करायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. सोळाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये ही पद्धत रुजली, तिथून ती अमेरिकेत गेली आणि तिथून वारणेच्या काठाला आली. पुढं पाटीवरची नावं बदलली. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आमच्याकडं वडील मात्र वडीलच राहिले.

माझे वडील, आबा, मंडळीचेही वडील होते. दिवसा दुसऱ्याच्या रानात राबायचे, रात्री कंदिलापुढं वही घेऊन बसायचे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिलीचं अक्षर. शनिवारी रात्री घरोघर फिरून काय काय सांगायचं ते गोळा करायचे आणि रविवारी पुढं उभं राहून वाचायचे. वाचताना प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि आधी 'श्रीयुत' किंवा 'सौभाग्यवती'. आम्ही पोरं हसायचो. कारण ज्याला ते 'श्रीयुत' म्हणत, तो मागच्या चटईवर फाटक्या बंडीत बसलेला असायचा.

एकदा मी विचारलं, "आबा, एवढं लांबलचक कशाला वाचता?"

"नाव पुरतं घ्यावं माणसाचं," आबा म्हणाले, "द्येवाच्या घरात तरी."

त्याचा अर्थ मला पुढं कळला. गावात त्याच माणसाला कुणी 'ए अमक्याच्या' अशी हाळी द्यायचं, कुणी जातीवरनं. बापाच्या वयाच्या माणसाला मालकाचं पोरगं अरे-तुरे करायचं. आठवड्यातनं एकदा, सगळ्यांच्या देखत, कुणीतरी त्याचं नाव पुरतं आणि मानानं उच्चारायचं. त्या नावापुढं बहुतेक वेळा एखादं काम असायचं. श्रीयुत अमुक यांनी कौलांसाठी शिडी आणावी. सौभाग्यवती तमुक यांनी प्रभुभोजनाची भाकर करावी. ज्याच्या नावापुढं काम नसेल, तो घरी गेल्यावर घुश्शात असायचा.

आबा गेल्यावर ती वही माझ्याकडं आली. त्यातली माणसं मी इथं नावानं लिहीत नाही, ज्यांची ती नावं त्यांना ठाऊक आहेत. पण नोंदी सांगतो. १२ नोव्हेंबर १९६७ : पुढच्या रविवारी कापणीचा सण, प्रत्येकानं पहिल्या पिकातलं आणावं, लिलाव उपासनेनंतर, उधारी चालणार नाही. त्याखाली वेगळ्या पेन्सिलीनं 'चालली' असं लिहिलेलं आहे. चैत्रातली एक नोंद : जोतिबाची यात्रा आहे, एस्टीला जागा मिळणार नाही, बाहेरगावच्यांनी आदल्या दिवशीच यावं. आणि १७ डिसेंबर १९६७. त्याच आठवड्यात, ११ तारखेला पहाटे, कोयनेचा भूकंप झाला होता. आमच्याकडंही भिंती तडकल्या होत्या. आबांनी लिहिलंय : नाताळची गाणी म्हणत घरोघर जायचं, पण यंदा खाऊ घ्यायचा नाही. जमेल ते धान्य घ्यावं, ते कोयनेकडं पाठवायचं आहे. घराची भिंत कलली असेल तर कुणी लाजू नये, वडिलांना सांगावं.

'कुणी लाजू नये' हे शब्द वहीत खूप वेळा येतात. ७२ च्या दुष्काळात तर जवळपास दर रविवारी.

मी १९८७ साली मुंबईला आलो आणि नोकरीला लागलो. अकरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून विरार पूर्वेला, चंदनसारला घर घेतलं. कारण एकच, भाव झेपला. तेव्हा इथं मधे मधे भाताची खाचरं होती, आता बहुतेक चाळी आणि इमारती. मागं जीवदानीचा डोंगर. नवरात्रात त्या रस्त्याला मुंगीलाही वाट मिळत नाही. गावी जोतिबा बघून आम्ही उपासनेची वेळ ठरवायचो, इथं जीवदानी बघून ठरवतो.

वसईत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना पश्चिमेकडची कॅथलिक गावंच आठवतात. नंदाखाल, निर्मळ, गास, सांडोर. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडं होती, तेव्हापासूनची ती मंडळी. त्यांच्या बागा, केळी, बोली, सण, सगळं इथल्या मातीतलं. मी नवा असताना शेजारच्यांनी विचारलं, "तुम्ही नंदाखालचे का?" म्हटलं, "नाही, कोल्हापूरकडचे." तर म्हणाले, "कोल्हापुरात पण असतात होय?"

असतात. आणि पोटासाठी इकडंही येतात. एकेकजण सापडत गेला. ट्रेनमध्ये कुणाच्या मांडीवर गीतांचं पुस्तक दिसलं, रेशनच्या रांगेत कुणाचं नाव ऐकू आलं. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या एक काकू, जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल गावाशी नातं सांगणारं एक कुटुंब, आमच्याकडची सहा-सात घरं, आणि पूर्वेच्या डोंगरापलीकडनं येणारं एक वारली जोडपं. सगळे मिळून चाळीसेक माणसं. चर्चची इमारत नाही. एका शाळेचा वर्ग रविवारी दुपारी भाड्यानं मिळतो. बाकं दुसरीच्या मुलांची, त्यामुळं प्रार्थनेला उभं राहताना गुडघे आपटतात. पेटी आहे, तबला आहे, आणि नारायण वामन टिळकांची गीतं सगळ्यांना येतात. कुठल्या मिशनचा कोण, हा प्रश्न पहिल्या कडव्यालाच मिटतो.

इथंही कापणीचा सण होतो. कापणी कसली, असं कुणी विचारील. पहिल्या वर्षी मलाही तोच प्रश्न पडला होता. पण वारली जोडप्यानं नव्या भाताचे तांदूळ आणि दोन दुधी आणले. शिलाई करणाऱ्या मावशींनी चिंध्यांच्या पिशव्या शिवून आणल्या. रिक्षावाल्या भावानं एका दिवसाची कमाई पाकिटात घातली. बाकीच्यांनी बाजारातनं भाजी घेतली आणि जणू आपल्याच वावरातली, अशा ऐटीत टेबलावर मांडली. लिलावात तो दुधी साडेतीनशेला गेला. घेणाऱ्याच्या बायकोनं घरी काय म्हटलं, ते आम्हाला पुढच्या रविवारी कळलं. नगरच्या काकू वर्षभर रोजच्या तांदळातली एक मूठ डब्यात टाकतात आणि तो डबा सणाला आणतात. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन घरांतही बायका प्रत्येक जेवणाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, आणि ही रीत तिथं शंभराहून जास्त वर्षं चालू आहे, असं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांचीही सासू माझ्या सासूसारखीच असणार."

सूचना वाचायचं काम इथं माझ्याकडं आलं. टाळेबंदीच्या वर्षी भेटणं बंद झालं, तेव्हा सगळं व्हॉट्सअॅपवर गेलं. ते बरंच झालं, नाहीतर आम्ही एकमेकांना हरवलो असतो. पण वर्ग पुन्हा मिळाला तरी सूचना फोनवरच राहिल्या. आमचा सेक्रेटरी तरुण आहे, हुशार आहे, मंडळीसाठी राबतो. तो मला म्हणाला, "काका, सगळं ग्रुपवर टाकलेलंच असतं. तेच परत वाचण्यात दहा मिनिटं जातात. लोकांना लोकल पकडायची असते." खोटं नव्हतं. वर्गही वेळेवर रिकामा करायचा असतो. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका वॉचमन भावाची बायको जिन्यावरनं पडली. मांडीचं हाड मोडलं. मंगळवारी ऑपरेशन, पुढं आठ-दहा दिवस दवाखाना. बायकांच्या वॉर्डात रात्री बाईमाणूस लागतं. त्याला मुलगी नाही, बहीण गावाकडं. गुरुवारी त्यानं ग्रुपवर लिहिलं : रात्री कुणी थांबू शकेल का? खाली जोडलेल्या हातांची चित्रं आली. मी मोजली, एकतीस. 'प्रार्थना करतो', 'देव समर्थ आहे'. सगळं मनापासून होतं. शनिवार रात्रीपर्यंत कोण थांबणार, ते मात्र ठरलं नव्हतं. ज्यानं त्यानं बाकीचे तीस आहेत असं धरलं होतं.

रविवारी मी कागद घेऊन उभा राहिलो. आधी त्या बाईचं नाव घेतलं, पुरतं, सौभाग्यवती लावून. वॉर्ड कुठला, खाट कितवी, ते वाचलं. मग म्हटलं, "मंगळवारची रात्र. कोण?" आणि गप्प राहिलो.

वर्गात गप्प राहणं अवघड असतं. सगळे एकमेकांना दिसत असतात. शिलाईवाल्या मावशी म्हणाल्या, "मंगळवारी मी." बेथेलच्या घरातली सून म्हणाली, "बुधवार-गुरुवार मला चालेल, मुलांना कुणी बघेल का?" मुलांना दुसऱ्या घरानं घेतलं. नगरच्या काकू सत्तरीच्या पुढच्या, त्यांनीही हात वर केला. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला जागरण झेपायचं नाही." त्या म्हणाल्या, "मग डबा माझ्याकडं लिही." सहा मिनिटांत दहा रात्री भरल्या. मागच्या बाकावर वॉचमन भाऊ मान खाली घालून बसला होता. त्याला कुणाला फोन करावा लागला नाही, कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

बैठक झाली. सेक्रेटरीनंच सांगितलं की ग्रुपवर तारखा टाकू आणि कामं वर्गात वाचू. मोबाईलची त्यालाही गरज आहे, मलाही आहे. वयस्कर माणसाला रात्री दवाखान्याचा पत्ता फोनवर सापडतो, वहीत नाही. पण 'कोण येणार' हे विचारायला माणूस समोर लागतो, आणि 'मी' म्हणायलाही. आबांच्या काळी गावात टेलिफोनच नव्हता, म्हणून त्यांना हा प्रश्न पडला नाही. आम्हाला पडला, आणि आम्हाला तो सोडवावा लागला.

वॉचमन भावाची बायको आता काठी घेऊन चालते. यंदाच्या कापणीच्या सणाला टेबल मांडायचं काम तिच्या नावावर आहे. तिनंच मागून घेतलं.

या रविवारच्या सूचना मी लिहून काढल्यात, त्या अशा : कापणीचा सण पुढच्या रविवारी, लिलाव उपासनेनंतर, उधारी चालणार नाही. नाताळच्या गाण्यांचा सराव शनिवारी संध्याकाळी मावशींच्या घरी, पेटी उचलायला दोन मुलं हवीत. गाण्यांची फेरी यंदा मनवेलपाड्याकडनं सुरू करायची आहे. ज्यांच्या चाळीत आवाजाची अडचण आहे त्यांनी आधी सांगावं, आम्ही हळू म्हणू. लग्नाची पहिली पुकार एक. डोंगरापलीकडच्या वारली दादांच्या घराचं छप्पर शाकारायचं आहे, माणसं आठ लागतील, पाच झाली. आणि ज्यांच्या घरी या महिन्यात पगार झालेला नाही, त्यांनी नगरच्या काकूंना सांगावं. तांदूळ आहेत. कुणी लाजू नये.