कोब्यावरची तारीख

पलंगाशेजारी पाय टेकला की जमीन ‘चक्’ करून दबायची. नवं रो-हाउस, राहायला येऊन जेमतेम चार महिने झालेले. "मिस्त्री, दोन फळ्या तेवढ्या बदला," काकू म्हणाल्या. मी गुडघ्यावर बसून बोटांनी ठोकत गेलो. मधल्या दोन-अडीच हातांत आवाज भद्द येत होता.

लॉकवाली व्हिनाइलची फळी मधूनच उचलता येत नाही. स्कर्टिंग काढायचं, भिंतीकडून एकेक ओळ सोडवत यायची, पाठीवर खडूने नंबर टाकायचे. स्कर्टिंग निघालं तसं कळलं, फळ्या भिंतीला घट्ट भिडवल्या होत्या. तिथे 8 ते 10 मिलिमीटर फट लागते. उन्हाने फळी वाढते, जागा मिळाली नाही की वर उठते.

एक फळी खिडकीशी नेऊन कड पाहिली. लॉकची जीभ जेमतेम नखाएवढी जाड, ती तीन ठिकाणी तुटलेली. फळीच्या पोटाला कारखान्यातूनच अंडरले चिकटवलेला होता, तरी खाली 3 मिलिमीटरचा पांढरा फोम अंथरलेला. पायाला मऊ लागावं म्हणून! गिऱ्हाईक कौतुकाने जाड फोम मागतं आणि मी दरवेळी तेवढ्याच हट्टाने नाही म्हणतो. खाली मऊ असलं की प्रत्येक पावलाला जोड वाकतो, आणि एक दिवस तुटतो.

फोम उचलला नि कोंदट वास आला. कोबा मधोमध काळपट, हाताला गार. दोन मीटरची पट्टी आडवी टाकली, तर खाली 7 मिलिमीटरचा खड्डा.

"गणपतीच्या आत यायचं होतं ना," काकू हळूच म्हणाल्या. कोबा भर पावसात टाकलेला, दोन इंच जाड. इंचाला महिना असा आमचा ढोबळ हिशोब, पावसाळ्यात त्याहून जास्त. इथे तीन आठवड्यांत झाकला. व्हिनाइल पाण्याने कुजत नाही, पण खालची ओल बाहेरही पडू देत नाही. काकूंना घाई असणारच, आयुष्याची पुंजी घातलेलं घर ते. ‘थांबा’ हा शब्द आधीच्या कारागिराने उच्चारायला हवा होता. काम हातचं जाईल या भीतीने तो गिळला जातो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी महिनाभर खोली उघडी ठेवायला सांगितली. पलंग हॉलमध्ये गेला, पंखा रात्रंदिवस चालू. मग दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी सोलला तर आत थेंब. अजून दहा दिवस. दुसऱ्यांदा कोरडा निघाला. कोब्याचा रंगही आत-बाहेर सारखा. तेव्हा कुठे उंचवटे घासले, खड्ड्यात लेव्हलिंगचा माल ओतला. माळ्यावरच्या उरलेल्या खोक्यातून अकरा फळ्या निघाल्या, तेवढ्याच लागल्या. जादा फोम बाहेर.

पहिली ओळ टाकण्याआधी कोब्यावर पेन्सिलने लिहिलं: ओल तपासली त्या दोन्ही तारखा, खड्डा कुठे होता, काय भरलं. काकूंनी विचारलं, "हे कोण वाचणार?"

"पुढचा मिस्त्री," म्हटलं, आणि फळी बसवली.