एक तागा, दोन माग

हल्ली पेपरात ‘जीपीयू’ हा शब्द सारखा दिसतो. अमुक हजार आले, तमुक हजार येणार. असा आकडा वाचला की मला आमच्या मधल्या खोलीतली बादली आठवते. का, ते सांगतो. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

२०१६ ची गोष्ट. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि गेमिंगचं जबरदस्त वेड. घर इचलकरंजीत, आण्णा यंत्रमागावर कामाला. माझ्या पीसीत ४ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड होतं. नवे गेम त्याच्यावर अडखळायला लागले होते. नवं भारी कार्ड घ्यायची ऐपत नव्हती. पण त्याच मॉडेलचं सेकंडहँड कार्ड १६,००० ला मिळत होतं. दुकानदार म्हणाला, “दुसरं लाव, वर पट्टी जोड, स्पीड डबल. चार आणि चार, आठ जीबी.”

आईची भिशी लागली होती. ते पैसे पत्रे बदलायला ठेवले होते. मी आठवडाभर मागे लागलो. आण्णांनी एकच प्रश्न विचारला, “आरं, एक तागा दोन मागांवर कसा इणशील?”

मी हसलो. म्हटलं, आण्णा, हे कॉम्प्युटरचं आहे, तुम्हाला नाही कळायचं.

कार्ड आलं. मग कळलं, जुना ४५० वॉटचा एसएमपीएस दोघांना पुरत नाही. तो बदलला, आणखी ७,००० गेले, तेही मित्राकडून उसने. पट्टी जोडली, सेटिंग केलं, गेम लावला. कोपऱ्यातला आकडा ४० वरून ६० वर गेला. मी नाचलो.

पण खेळताना काहीतरी चुकत होतं. आकडा ६० आणि गाडी मात्र वळणावर हिसके देतेय. दुसरा गेम लावला, तर दुसरं कार्ड नुसतंच बसून. तिसऱ्यात पडदा चमकायला लागला. मे महिन्यात वरचं कार्ड ८० अंशांच्या पुढे, कारण खालच्याची गरम हवा थेट त्याच्या अंगावर. शेवटी बरेचसे गेम मी एक कार्ड बंद करूनच खेळलो.

त्या पावसाळ्यात मधल्या खोलीत बादली ठेवावी लागली. आई काही बोलली नाही. रात्री टप टप ऐकू यायचं तेवढंच.

हे असं का झालं, ते मी नंतर नीट वाचून काढलं. ही कल्पना जुनी आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची दोन व्हूडू-२ कार्डं जोडता यायची. एक कार्ड चित्राच्या विषम ओळी काढायचं, दुसरं सम. पुढे ती कंपनी बुडाली आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हे नाव परत आणलं, पाठोपाठ २००५ मध्ये एटीआयचं क्रॉसफायर आलं. तोवर पद्धत बदलली होती. ओळी वाटण्याऐवजी बहुतेक वेळा अख्खं चित्रच वाटून घ्यायचं. पहिलं एकाने काढायचं, दुसरं दुसऱ्याने, तिसरं परत पहिल्याने.

आता यात गोम अशी की दोघांनाही पूर्ण चित्र काढायचंय, म्हणजे सगळं सामान दोघांकडेही पाहिजे. त्यामुळे चार आणि चार मिळून चारच राहतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एकाला साधारण १७ मिलिसेकंद. पण एक चित्र ८ मध्ये आलं आणि पुढचं २५ मध्ये, तरी सरासरी ६० च दिसते. डोळ्याला मात्र हिसका जाणवतो. त्यात नव्या गेममध्ये पुढचं चित्र काढताना मागच्या चित्रातली माहिती लागते. म्हणजे दुसऱ्याने पहिल्याची वाट बघायची. आण्णा म्हणाले होते तेच. बीम एकाच मागावर चढतो.

ही वाटणी गेमगणिक जुळवून घ्यावी लागायची. ते काम करणारे कमी होत गेले, कारण दोन कार्डं असलेले लोकच मूठभर. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवी प्रोफाइल देणं थांबवलं. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर पट्टी जोडायची जागाच नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१८ मध्ये धाकटा भाऊ ॲनिमेशन शिकून आला. त्याने तीच दोन कार्डं ब्लेंडरला लावली, पट्टीशिवाय. रेंडरला लागणारा वेळ जवळपास निम्मा! कारण तिथे चित्राचे तुकडे पडतात आणि एक तुकडा दुसऱ्यासाठी थांबत नाही. एक कामगार चार माग चालवतो आणि चारीवर वेगवेगळा तागा निघतो, तसं. कार्डं तीच, घर तेच. फक्त काम वाटण्याजोगं होतं.

आता पेपरातल्या आकड्याकडे येतो. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया एआय मिशन मंजूर केलं. १०,३०० कोटींहून जास्त खर्च, १०,००० पेक्षा जास्त जीपीयू. पुढे हा आकडा वाढतच गेला. संशोधक, स्टार्टअप, विद्यार्थी यांना सवलतीत मिळावेत असा हेतू आहे, आणि तो चांगलाच आहे. मी विरोधात नाही.

पण एक मोठं मॉडेल हजार कार्डांवर शिकवायचं, तर ती कार्डं सतत एकमेकांशी देवाणघेवाण करतात. एक मागे पडलं की बाकीची थांबतात. मधली जोडणी, गार करायची सोय, अखंड वीज आणि काम वाटून देणारी माणसं, हे सगळं जुळलं तर हजार हे हजार. नाहीतर माझ्या घरातल्या दुसऱ्या कार्डासारखी गत. आहे, पण बसून आहे. फरक एवढाच की तिथे भिशी माझ्या आईची होती, इथे तुमची-माझी सगळ्यांची आहे.

म्हणून किती कार्डं घेतली यावर टाळ्या वाजवून झाल्या की पुढचंही विचारूया. महिन्याला किती तास चालली? कुणाच्या कामाला आली? पुण्या-बंगळुरूबाहेरच्या कॉलेजातल्या पोराला अर्ज केल्यावर किती दिवसांत मिळाली? हे आकडे दर महिन्याला उघडपणे छापायला काय हरकत आहे?

पत्रे आम्ही २०१९ मध्ये बदलले. आण्णांना ती सगळी तांत्रिक गोष्ट मी एकदा बसून समजावली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग मी येगळं काय म्हणलं हुतं?”

तुमच्या कॉलेजात किंवा ओळखीत कुणाला या मिशनमधून जीपीयूचे तास मिळाले असतील तर कमेंटमध्ये नक्की लिहा. अनुभव चांगला असेल तर जास्तच आनंद होईल.