बापाचं सायकल दुकान

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याला, एसटी स्टँडामागं, बापाचं सायकल दुकान होतं. १९७४ साली आईचं डोरलं मोडून त्यानं दोन जुन्या ॲटलस घेतल्या आन् तासावर भाड्यानं द्यायला लागला.

पंक्चरला पाण्याचं घमेलं लागतं. ट्यूब बुडवायची, बुडबुडे आले की तिथं खूण करायची. पाटलाच्या पोराची ट्यूब, आमच्या वस्तीतली ट्यूब, घमेलं एकच. त्या पाण्याला विटाळ नव्हता. शेजारी बापाचा माठ. घसा सुकला तरी गिऱ्हाईक त्याला शिवत नव्हतं. बाप हसायचा, "ट्यूबला जात नसती रं." मला ते हसणं कधीच पटलं नाही.

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आन् आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. दुकानही पेटलं. टायरी जळाल्या, सीटा जळाल्या, राहिले नुसते लोखंडी सांगाडे. बापानं उधारीवर माल आणून तेच परत उभे केले. दोस्तहो, आपली पत्रकं पुढं त्याच कॅरियरवरून गावोगाव गेली. भाडं त्यानं वहीत लिहिलं, मागितलं कधीच नाही.

मग गिऱ्हाईकंही आली. पाटलाचं पोरगं पंक्चर घेऊन आलं. घमेलं कोरडं होतं. बापानं सरळ माठातलं पाणी त्यात ओतलं, त्याच्या डोळ्यांदेखत. पोरगं गप उभं. मी असतो तर पंक्चरच काढलं नसतं.