सवारीची ढेप

आमच्या थोरल्या भावाच्या लेकीनं एकदा पुण्याहून ब्राऊन शुगरचं पाकीट आणलं. नाव ऐकूनच अम्मी दचकली. तिला पेपरातली गर्द आठवली. मग चिमूटभर जिभेवर ठेवून म्हणाली, "साखरच हय ये. ऊपरसे मळी लगायेली हय." बरोबर ओळखलं तिनं. बाजारातली बरीचशी ब्राऊन शुगर अशीच होते, पांढऱ्या साखरेला मळी परत चोळून. गुळाच्या घरात ती पारख असणारच.

अब्बा गुळव्या होते. दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं पेटली की साताऱ्यातल्या कराड तालुक्यात, नाहीतर पलीकडे सांगलीतल्या वाळव्याला जात. सुट्टीच्या दिवशी आम्ही भावंडं भाकरी पोचवायला जायचो. चरकावरून रस काहिलीत यायचा, खाली जाळव्या वाळली चिपाडं चुलवणात ढकलत असायचा. रस तापला की अब्बा रानभेंडीचं ठेचलेलं बुळबुळीत पाणी सोडत. सगळा मळ फेसाबरोबर वर येई, तो काढून टाकत. शेवटची दहा मिनिटं मात्र ते कुणाशी बोलत नसत. थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायची. लवकर उतरवला तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर करपते. टनभर उसाचा साधारण 100 किलो गूळ, आणि तो सगळा त्या गोळीवर!

बाजाराला पिवळाधमक गूळ लागे. सांगलीच्या पेठेत काळपट ढेपेचा भाव पडायचा. म्हणून काहिलीत हायड्रोसची पुडी पडे. रंग उजळतो, पण काही महिन्यांनी तोच गूळ परत काळवंडतो. पुडी अब्बांच्याच हातानं पडायची, आणि घरी मात्र तो गूळ ते कधी आणत नसत. आम्हाला हे दिसायचं. विचारलं कधीच नाही.

गुऱ्हाळाचे मालक पाटील. त्यांच्या घराण्याचा सवारीला नवस होता. कडेगावच्या ताबुतांसारखं आमच्या गावात काही नाही. चार पंजे आणि एक अलावा. पण मोहरमसाठी दरसाल एक आदण बिनपुडीचं उतरे आणि त्यातली एक ढेप आमच्या घरी येई. तिच्या पाण्यात कणीक मळायची, लाकडी साच्यावर दाबून नक्षी उठवायची, तव्यावर तुपात भाजायचं. हे आमचे चोंगे. पहिला पाटलांच्या घरी जायचा. 2009 साली तर मोहरम दोनदा आला, जानेवारीत आणि परत डिसेंबरात, दोन्ही वेळा गुऱ्हाळ पेटलेलं. त्या वर्षी अब्बांनी दोन ढेपा आणल्या.

त्यानंतर चुलतभाऊ जमातीतून आला आणि चोंगे बिदअत आहेत म्हणाला. घरात मोठं भांडण झालं. अब्बा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आमच्यातल्या दोघांनी सवारीला जाणं सोडलं. चोंगे खाणं मात्र सोडलं नाही, हे खोटं कशाला बोला!

अब्बा गेले. जाळव्या मिळेना, ऊस कारखान्याला जाऊ लागला, पाटलांच्या काहिली भंगारात गेल्या. तरी त्यांचा मुलगा कोल्हापूरकडून बिनपुडीची ढेप आणून देतो.

2025 ला मोहरम जुलैत आला. बाहेर धो धो पाऊस. ढेपेला पाझर सुटून कागद चिकटला होता. अम्मीनं वरचा थर खरवडून काढला, चोंगे केले. संध्याकाळी चुलतभाऊ आला. बसला नाही. उभ्याउभ्याच दोन खाल्ले, चार रुमालात बांधले, "पोरांना" म्हणाला.

तो गेल्यावर अम्मी बोटांवर मोजत होती, मोहरम परत गुऱ्हाळाच्या दिवसांत कधी येणार. दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतो. अजून दहाएक वर्षं, असं आम्ही सांगितलं. तिनं उरलेली ढेप फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कणगीत ठेवली.