दुसरी वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीच्या कचेरीत वह्यांची पूजा होई. आयकरापुरतं हिशेबाचं वर्ष १९८९ पासून सगळ्यांचंच एप्रिल ते मार्च झालं होतं. पण म्हणून वहीपूजन काही कुणी मार्चअखेरीला नेलं नाही. पाटावर लाल कापड, त्यावर कोरी रोजकीर्द आणि खतावणी, कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची फुलं. भटजी नेहमी घाईत, कारण त्यांना त्याच संध्याकाळी आणखी सात-आठ ठिकाणं उरकायची असत. मी फाउंड्रीचा अकौंटंट. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. पण वह्या माझ्या हातच्या, म्हणून पाटाशेजारची जागा माझी. मालकांनी मला कधी हात जोडायला सांगितलं नाही. पेढा मात्र पहिला माझ्या हातावर ठेवत आणि मी तो आनंदानं खाई. अकरा वर्षांत ह्यावरून ना त्यांचं अडलं, ना माझं.

अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आणखी एक वही होती. तिची पूजा होत नसे.

ज्यांनी कधी व्यापारी पेढीवर काम केलं आहे त्यांना ती कसली वही हे सांगायला नको. आमच्याकडून काही माल पक्क्या बिलावर जाई, काही कच्च्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवरच्या मालाला ना एक्साइज, ना विक्रीकर, पैसे रोख. त्याचा हिशेब ठेवणारा माणूस विश्वासाचा लागतो. मी विश्वासाचा होतो. मी ख्रिस्ती आहे, दारू पीत नाही, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो, म्हणून मी जास्तच विश्वासाचा, असं मालक एकदा हसत म्हणाले होते. मीही हसलो होतो.

पेटीचं खरं होतं. आमच्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. माझे आजोबा त्याच मिशनच्या बोर्डिंगात वाढले, आईही तिथलीच. उपासना मराठीत आणि कानडीत, वेगवेगळ्या वेळी. मराठी उपासनेला माझी पेटी. रविवारी सकाळी उपासनेत बोटं चालायची, सोमवारी सकाळी खालच्या खणात. ह्या दोन्हींमध्ये मोठा झगडा चालला होता असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. सवय ही फार मऊ गादी असते. मधूनमधून रात्री झोप उडे, एवढंच.

नोव्हेंबर १९९४ मधल्या एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. बोर्डिंगचे जुने हिशेबनीस वारले होते. चौसष्ट मुलं, त्यांचं धान्य, फिया, देणग्या, आणि सगळ्या वह्यांचा गोंधळ. 'तुम्ही याल का? पगार दोन हजार तीनशे, राहायला क्वार्टर.' मला तेव्हा सगळं मिळून सहा हजार आठशे होते. पाळकसाहेब बोलता बोलता रेव्हरंड टिळकांवर गेले. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्ती धरली, ते त्यांनी असं रंगवून सांगितलं की, मी तिथेच, चर्चच्या पायऱ्यांवर, 'येतो' म्हणून मोकळा झालो. घरी येताना सायकल हवेत चालली होती.

घरी ही भाकऱ्या करत होती. मी बातमी सांगितली, टिळकांसकट. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, टोपलीत टाकली आणि मग विचारलं, 'हो म्हणून आलात?'

'देवाचं बोलावणं आहे असं वाटलं.'

'असेल. मला नाही आलं.'

आता हिनं 'स्मृतिचित्रे' दोनदा वाचलेलं. टिळक हातचं देऊन मोकळे व्हायचे तेव्हा घरात काय उरायचं हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं आहे. तेव्हा टिळकांचा दाखला आमच्या स्वयंपाकघरात चालण्यासारखा नव्हता. ती एवढंच म्हणाली, 'बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असं प्रभूनंच सांगितलंय ना? तुम्ही तर हिशेबनीस. पाळकसाहेबांना जाऊन सांगा, अजून ठरलं नाही.'

दिलेला शब्द परत घ्यायला जाणं फार जड गेलं. पाळकसाहेब रागावले नाहीत. नाताळापर्यंत थांबतो म्हणाले.

मग आम्ही हिशेब केला. शाळेच्या वहीचं दुहेरी पान फाडून तिनं डावी-उजवी बाजू आखली. अक्षर तिचं, आकडे माझे. भाडं सातशे वाचणार होतं. तरी महिन्याला तीन हजार आठशेचा खड्डा. ग्रॅच्युइटी मी तोंडीच सांगितली: मूळ पगार बावन्नशे, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, म्हणजे तीन हजार, अकरा वर्षांचे तेहतीस हजार. प्रॉव्हिडंट फंड हाती येईल तो एकदाच. पुढे फंड नाही, कारण वीसपेक्षा कमी नोकर असलेल्या ठिकाणी तो कायदा लागू होत नसे आणि बोर्डिंगात आम्ही सगळे मिळून नऊ. आईचं औषध. आठ वर्षांच्या मुलीची शाळा. दूध अर्धा लिटर कमी. ही प्रत्येक ओळीवर पेन्सिल टेकवून थांबायची, आणि मला कळायचं की, ह्यातली एकही ओळ माझ्या हातून जाणार नाही, तिच्याच हातून जाणार आहे. मी कमी पगार आणणार होतो. कमी पगारात घर तिला चालवायचं होतं.

आईचा प्रश्न नव्हता. ती बोर्डिंगच्या ताटावर वाढलेली; तिला आनंदच झाला. पण तिच्या आनंदाचा मला काही उपयोग नव्हता, कारण वाण्याकडे ती जात नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या रात्री हिनं पेन्सिल खाली ठेवली. 'एक विचारू? बोर्डिंगात जायचंय हे कळलं. इथून का जायचंय?'

मी सेवेबद्दल बोलू लागलो.

'खरं सांगा.'

तेव्हा मी तिला खालच्या खणातली वही सांगितली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, आता रडेल किंवा रागावेल. तिनं विचारलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. 'दिवाळीला मालक वेगळं पाकीट देतात ते त्या वहीचं?' मी हो म्हटलं. 'त्याचाही दशांश आपण देत होतो?' होतोच. पगाराचा दहावा भाग दर महिन्याला सहाशे ऐंशी, आणि नोव्हेंबरात पाकिटाचा निराळा. चर्चच्या पावत्या मी फाईल करून ठेवल्या होत्या. हिशेबनीस ना.

'मग ह्याला सेवा म्हणू नका,' ती म्हणाली. 'सुटका म्हणा. सुटकेसाठी मी काटकसर करीन. तुमच्या मोठेपणासाठी नाही करणार.'

तिनं दोन अटी घातल्या. पाळकसाहेबांनी मंडळीपुढे माझ्या त्यागाचं कौतुक करायचं नाही, ही एक. आणि ग्रॅच्युइटीतून तिला एक शिलाई मशीन.

मालकांना सांगणं राहिलं होतं. ते वाईट नव्हते हे मला इथं स्वच्छ लिहायचं आहे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे त्यांनी न मागता दिले होते. त्यांना वाटलं, मी पगारवाढ काढतो आहे. 'तिथं काय देतात?' मी आकडा सांगितला. ते हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, 'माझ्या ड्रायव्हरला जास्त आहेत.' आणखी थोड्या वेळानं, आवाज उतरवून: 'आणि वही?' मी खणाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी कुठेही जाऊन काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं म्हणणारे असतील. त्यांच्यापाशी माझ्याकडे उत्तर नाही. अकरा वर्षं त्यांचं मीठ खाल्लं होतं आणि शिवाय त्या वहीत अक्षर माझं होतं.

जानेवारी १९९५ मध्ये क्वार्टरवर राहायला गेलो. दोन खोल्या, मंगलोरी कौलं, पावसाळ्यात तीन ठिकाणी भांडी.

बोर्डिंगातल्या वीस वर्षांचं वर्णन करत बसत नाही. खानापूर तालुक्यातली, चंदगडकडची मराठी मुलं, बैलहोंगल-गोकाककडची कानडी. जेवताना एका पंक्तीत दोन्ही भाषांतली भांडणं. सीमाप्रश्नाचे बंद असले की गेटला कुलूप घालून मुलांना आत खेळवायचं. कमिटीचं राजकारण फाउंड्रीपेक्षा कमी नव्हतं, आणि तिथं पेढाही मिळत नसे. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. परदेशी देणग्यांचा हिशेब १९७६ च्या कायद्याप्रमाणे अगदी वेगळा ठेवावा लागे. पहिल्याच आठवड्यात पाळकसाहेब म्हणाले, 'ह्याची दुसरी वही करा.' मी दचकलो. पण ही वही वरच्या खणात राहिली, दरसाल तपासली गेली, दिल्लीला कळवली गेली. आमचा कानडी स्वयंपाकी महिनाअखेरीला तांदळाची पोती माझ्यासमोर मोजायचा आणि हात झटकत म्हणायचा, 'लेक्क बरोब्बरी ऐत्री!' खरोखरच बरोबर असायचा. अशा रात्री मला झोप लागे. लाभ म्हणून दाखवायचा तर मला एवढाच दाखवता येतो.

चर्चच्या खजिनदारांनी पहिल्या महिन्यात पाकीट उघडून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'चूक तर झाली नाही ना?' दशांश दोनशे तीस निघाला होता.

खर्चाची बाजू लांब आहे. हिनं साड्यांना फॉल लावले, पिको केलं, परकर शिवले. रात्री मशीनचा आवाज यायचा आणि मी हिशेब करतो आहे असं दाखवत बसायचा. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रॉव्हिडंट फंडाची नवी पेन्शन योजना सुरू झाली. मी सुटल्यावर दहा महिन्यांनी. माझ्या मागे राहिलेल्यांना आज दरमहा पेन्शन येते. फार नाही, पण येते.

आणि मुलगी. २००४ मध्ये ती बारावी झाली. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. सीईटीत नंबर खाली लागला, पेमेंट सीटचा आकडा ऐकला आणि मी घरात दोन दिवस बोललो नाही. हिनं पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या विकूनही पहिलंच वर्ष निघालं असतं. मुलीनं आपणहून बी.एस्सी.चा फॉर्म आणला. त्या पावसाळ्यात एकदा, भांडी पालथी घालता घालता, तिनं विचारलं, 'बाबा, तुम्ही फाउंड्रीतच राहिला असता तर?' रागानं नाही. नुसतं, गणित सोडवताना विचारावं तसं. मी म्हटलं, 'तर जमलं असतं.' ती हं म्हणाली आणि भांडी लावत राहिली. खालच्या खणाची गोष्ट तिला तेव्हा सांगता आली असती. मी सांगितली नाही. ती सांगितली असती तर तिच्या नुकसानीचा हिशेब तिनंच माझ्या नावावर पुण्य म्हणून जमा केला असता, आणि ते मला नको होतं. निदान आज मी असं म्हणतो. कदाचित लाजलोही असेन.

पुढे ती एम.सी.ए. झाली, पुण्याला नोकरीला लागली, लग्न झालं. आता एकोणचाळीस वर्षांची आहे. बोर्डिंगात गेलो तेव्हा मीही तेवढाच होतो. गेल्या महिन्यात रात्री उशिरा तिचा फोन आला. तिला एका शाळेत शिकवायची नोकरी मिळते आहे. पगार आताच्या निम्म्याहून कमी. धाकट्याला संध्याकाळी आई दिसेल, रविवार मोकळा मिळेल. आणि कंपनीत तिला काही आकडे असे लिहायला सांगतात की, जे तिला लिहवत नाहीत. ते कसले हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणाली, 'बाबा, तुम्ही तेव्हा हिशेब कसा केलात?'

ते दुहेरी पान माझ्या शास्त्रात लूकच्या शुभवर्तमानापाशी घडी घालून ठेवलेलं आहे. घडीवर फाटलंय. मी ते दिव्याखाली धरलं, चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचू लागलो. भाडं सातशे, दूध, आईचं औषध. मग थांबलो, आणि तीस वर्षं उशिरानं तिला खालच्या खणातल्या वहीबद्दल सांगितलं. फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं लाइन तुटली.

एवढ्यात ही आतून आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, 'ते असू दे गं. तू आधी सांग, जावयांना विचारलंस का?'