ओट्यावरचा पॉइंट

22 जून, रविवार
आईचा फोटो एकदाचा लागला. वर्षश्राद्ध होऊन तीन आठवडे कपाटावर उताणा पडला होता. शेजारच्या वकिलांचं ड्रिल आणलं. हॉलमध्ये, बोर्डाच्या बरोबर वर, मधोमध. एक भोक, एक गिट्टी, एक स्क्रू. आधी पांढरी भुकटी पडली, मग थोडी करडी. ही झाडू मारत म्हणाली, "आता आईंना वरून सगळं दिसेल."
ड्रिल परत द्यायचंय.

26 जून
पाऊस. अजिंक्यतारा दोन दिवस दिसलेला नाही. साताऱ्यात राहून डोंगर न दिसणं म्हणजे घरातलं माणूस गावाला गेल्यासारखं.

29 जून
मिक्सर मधेच मंदावतो. लसूण जास्त घातला म्हणून, असं मी म्हणालो. हिनं नुसतं पाहिलं.

3 जुलै, गुरुवार
मिक्सर बंद. खालचं लाल बटण दाबलं. भांडं बदललं. शेवटी उचलून हॉलमध्ये नेला, तिथे भर्र सुरू. म्हणजे मिक्सर ठीक, ओट्यावरचा पॉइंट गेला. पाण्याच्या फिल्टरचा दिवाही लागत नाही. दोन्ही एकाच बोर्डावर.
स्वयंपाकघरातली ट्यूब, पंखा चालू आहेत. ते दाराजवळच्या बोर्डावर.
मेन बोर्डात पाहिलं. आमच्याकडे अजून चिनीमातीचे फ्यूज. 1991 साली घर बांधलं तेव्हाचे. तारा शाबूत.

4 जुलै
टेस्टर घेतला. उजव्या भोकात लावला, पेटला. हिला म्हटलं, "करंट आहे की!"
"मग मिक्सर का चालत नाही?"
उत्तर नव्हतं.

5 जुलै, शनिवार
एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. विद्युतधारेचा पाठ तर पुस्तक न उघडता. आणि आज मिक्सरच्या वायरपुढे उकिडवा बसलोय.
थ्री पिन टॉप उघडला. स्क्रू घट्ट आहेत. बंद केला. एक स्क्रू ओट्याखाली गेला, तो अजून तिथेच आहे.

6 जुलै, रविवार
आषाढी. शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यात. सकाळभर ठकठक. मिक्सर हॉलमध्ये न्यायचा तर हॉलमधला सॉकेट टीपॉयमागे, दर वेळी टीपॉय ओढायचा. ही म्हणाली, त्यापेक्षा बत्ता बरा.
आई मिक्सरला हात लावायची नाही. चटणी पाट्यावरच. "मशीनच्या चटणीला चव नसते," हे ऐकवल्याशिवाय एक जेवण गेलं नाही. पाटा अजून मोरीत आहे, उभा.

7 जुलै
आज टेस्टर सहज डाव्या भोकात घातला. तोही पेटला!
दोन्ही भोकांत करंट. असं कसं? डावीकडे न्यूट्रल, तिथे दिवा लागता कामा नये.
रात्री झोप नाही.

8 जुलै
पहाटे उठून पुन्हा पाहिलं. दोन्हीकडे पेटतो. मग फिल्टरचा टॉप काढला. डावीकडचा विझला. टॉप लावला, पेटला. काढला, विझला. सात-आठ वेळा केलं. ही चहा घेऊन उभी होती. तिला वाटलं, चळलो.
मग कागद घेतला. करंट उजवीकडून येतो, फिल्टरच्या पोटातून डाव्या तारेत उतरतो, आणि तिथेच थांबतो. पुढे वाट नाही. म्हणून डावी तारही फेजसारखी वागते. दोन्ही तारा सारख्याच तापलेल्या, मग मिक्सर फिरेल कशाने?
न्यूट्रल तुटलाय. कुठेतरी.
वर्गात सर्किट काढायला सांगितलं की पोरं बॅटरीपासून बल्बपर्यंतची रेघ झोकात काढायची. परतीची आखायला विसरायची. मी अर्धा गुण कापायचो.

9 जुलै
मेन बंद करून ओट्यावरचा बोर्ड उघडला. आत लाल मुंग्या, पावसाळी बिऱ्हाड. न्यूट्रलचा स्क्रू सैल असेल अशी आशा होती. घट्ट निघाला. बोर्ड परत लावला. शीट थोडी तिरकी बसली.
ही म्हणते, फोटोला फूल वाहताना बोटांना मुंग्या येतात. म्हटलं, मानेचं दुखणं असेल. बोर्डाच्या मुंग्या डोक्यात, म्हणून हसलोसुद्धा. डॉक्टरांना दाखवायचं ठरलं.

10 जुलै, गुरुवार
गुरुपौर्णिमा. जुन्या मुलांचे फोन. एक जण पुण्यात कुठल्याशा कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. "सर, तुमच्यामुळे." तोंडावर आलं होतं, बाबा रे, ओट्यावरचा पॉइंट... नाही विचारलं.

11 जुलै
वायरमनला फोन. उद्या येतो म्हणाला. वायरमनचा उद्या.

12 जुलै, शनिवार
आला! बावीस-तेवीसचा पोरगा, पाठीला सॅक. मी कागदावरचं सर्किट दाखवलं. त्यानं आदरानं पाहिलं आणि बाजूला ठेवलं. सॅकमधून होल्डर काढला, बल्ब लावलेला, दोन वायरी लोंबणाऱ्या. उजव्या भोकात एक, डाव्यात एक. अंधार. डावीकडची काढून वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगला लावली. बल्ब लख्ख.
"न्यूट्रल नाय, काका."
हे मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं, असं सांगावंसं वाटलं. सांगितलंही.
"टेस्टरवर जाऊ नका. टेस्टरला काय, इल्लुसा करंट मिळाला तरी पेटतो. बल्बला दमदार लागतो."
हे मात्र बरोबर. टेस्टरमधला निऑन आपल्याच अंगातून जाणाऱ्या करंटवर पेटतो. आत मोठा रोध असतो, म्हणून आपण जिवंत. शिकवलेलं आहे.
मग त्यानं विचारलं, ओट्याला लाईन कुठून येते? मला ठाऊक नाही. माझ्या घरात, माझ्या भिंतीत. तो हॉलमध्ये गेला. तिथला बोर्ड उघडला, वायरी मोजल्या, मान वर केली.
"काका, हितं भोक कुणी पाडलं?"
मी काही बोललो नाही. ही बोलली, "ह्यांनी."
त्यानं हिला ओट्यावरचा फिल्टर चालू करायला सांगितलं. स्टुलावर चढला. फोटो काढून माझ्या हातात दिला आणि टेस्टरचं टोक स्क्रूला टेकवलं.
पेटला.

12 जुलै, रात्र
पाईप बोर्डातून सरळ वर स्लॅबला जातो. त्याच पाईपातून ओट्याची वायर. ड्रिलनं पाईप फोडला आणि न्यूट्रल कुरतडली. ती करडी भुकटी म्हणजे पाईप. तांब्याच्या चार-दोन तारा शिल्लक असतील, त्यांवर अकरा दिवस निघाले. मिक्सरच्या ओढीनं त्याही जळाल्या. वरचं टोक स्क्रूला चिकटलेलं.
3 तारखेपासून स्क्रू जिवंत. फिल्टर आम्ही कधी बंद करत नाही. फोटो तारेनं टांगलेला. भिंतीला ओल. ही रोज सकाळी अंघोळ करून, ओल्या हातानं फूल.
नऊ दिवस.
फ्रेम लाकडाची आहे.

13 जुलै
हिला नीट समजावून सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शेवटी आईंनी मिक्सर बंद पाडलाच." आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आलं नाही.

14 जुलै, सोमवार
वायरमन परत आला. भिंतीत जोड देणार नाही म्हणाला. आवडलं. पाईपात स्प्रिंग सारली, जुन्या वायरी ओढून काढल्या, अडीच एमएमची नवी जोडी आणि हिरवी अर्थिंगची. जुनी काळी वायर मी ठेवून घेतली आहे. तुटल्या जागी तांबं काळं पडलंय, टोकाला मोहरीएवढा गोळा.
चिनीमातीचे फ्यूज गेले. एमसीबी बसले, आणि सोबत आरसीसीबी, 30 मिलीॲम्पिअरची. तेवढा करंट वाट सोडून गळाला की घर अंधारात.  फ्यूजला तेवढ्याचा पत्ता लागत नाही, तो ॲम्पिअरमध्ये विचार करतो.
सामान, मजुरी धरून 4,650. घासाघीस केली नाही.
जाताना म्हणाला, "बोर्डाच्या सरळ वर न्हाय, सरळ खाली न्हाय. तेवढं सोडून कुठंबी पाडा भोक."

15 जुलै
मिक्सर चालू. नारळाची चटणी.

16 जुलै
आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण आहे, अधूनमधून दाबून बघायचं. दाबलं. हिची मालिका गेली.

18 जुलै
पुण्याहून मुलीचा फोन. त्यांच्या नव्या फ्लॅटचं प्लास्टर व्हायचंय. म्हटलं, त्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेव, पाईप दिसतील असे. "बाबा, भिंतींचे?" हो, भिंतींचे.

20 जुलै
डॉक्टरांची वेळ रद्द केली.

24 जुलै, गुरुवार
दिव्यांची आवस. समया, निरांजनं चिंचेनं घासून पाटावर मांडली. कणकेचे गोड दिवे.
फोटो आता देवघराशेजारी, फळीवर टेकवून. जुन्या भोकात पुट्टी भरली, रंग जुळत नाही.
संध्याकाळी ड्रिल परत करायला गेलो. वकील घड्याळ टांगायच्या तयारीत, वाटच बघत होते. पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. बोर्डाच्या बरोबर वर.
ड्रिल घेऊन परत आलो.