मुळासकट तेरडा

गौर यायच्या दिवशी सकाळीच आजी आम्हा पोरांना नदीकडे पिटाळायची. मुलुंडची काकू आणि अंधेरीची आत्या आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेल्या असत, त्यामुळे बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा नऊ पोरं असायची. १९७०-७५चा तो काळ. तुळशी तलावाकडून निघून नॅशनल पार्कातून उतरणाऱ्या दहिसर नदीच्या काठाला तेव्हा भाताची खाचरं होती. त्यांच्या बांधांवर आणि पायवाटेच्या कडेला भाद्रपदात गुडघाभर तेरडा उभा असायचा.

आमची गौर तेरड्याची. मुखवटा नंतर, आधी रोपांची जुडी. रोप मुळासकटच हवं, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं, असं आजी सांगायची. पावलं तुटलेली गौर उंबरठा कशी ओलांडणार? आणि तेरड्याचा दांडा तर पाण्याने भरलेला, ठिसूळ. वरून ओढला की मधेच मोडतो. चिखलात बोटं खुपसून, माती सैल करून रोप काढायला आम्ही तिथेच शिकलो. ज्याच्या हातून दांडा मोडे, तो घरी येईपर्यंत कोणाशी बोलत नसे.

ओळखायचं कसं, हे काकूने शिकवलं. फुलावर जाऊ नका, म्हणायची. पावसाळ्यात गुलाबी फुलं शंभर उगवतात. आधी दांडा बघा. जाड, रसरशीत, उजेडाला धरला तर काचेसारखा, बुडाशी लालसर. पानं लांबट, कडेला करवतीसारखे दाते, आणि दांड्यावर एकाआड एक. समोरासमोर पानं आणि इवलंसं फूल दिसलं, की तो तेरड्याचा भाऊबंद. त्याला हात लावायचा नाही. मग फूल उलटं करायचं. मागे बारीक वाकडी शेपटी असते, मध तिच्यातच. शेवटची खूण बोंडाची. त्यावर मऊ लव हवी.

त्या बोंडासाठी आमची भांडणं होत. पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की पाचही पाकळ्या एकदम आत वळतात आणि बिया उडतात. तळहातात ते बोंड फुटलं की वळवळतं, धाकटी चुलतबहीण किंचाळायची. काकू तेरड्याला ‘उतावळा’ म्हणे. पुढे कॉलेजात कळलं, लिनिअसने १७५३ साली तेरड्याला दिलेल्या नावातला ‘इम्पेशन्स’ म्हणजेही अधीर. मला तेव्हा काकूचा फार अभिमान वाटला होता.

वाटेवरच्या तबेल्यातले काका तेरड्याला गुलमेहंदी म्हणत. त्यांच्या सांगण्यावरून आतेबहिणीने एकदा फुलं-पानं वाटून रात्रभर नखांवर बांधली होती, सकाळी नखं फिकट नारिंगी. मेंदीत रंगाचं जे द्रव्य असतं, ते तेरड्यातही असतं.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं लोक टिकाऊ नसलेल्या गोष्टीबद्दल म्हणतात. आमच्या घरी त्या म्हणीत कमीपणा नव्हता. गौर तरी कुठे जास्त राहते? पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं जेवते, तिसऱ्या दिवशी निघते. निघायच्या आधी आजी जुडीवरची पिकत आलेली बोंडं हलकेच खुडून ठेवी आणि मोरीमागच्या ओल्या मातीत टाकी. तेरड्याचं आयुष्य एका पावसाळ्याचं. बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी रोप कुठून येणार? जूनमध्ये मोरीमागे जाड कोंब दिसले, की आजी आम्हाला हाका मारमारून बोलवायची.

आता नदीला दोन्ही बाजूंनी भिंती आहेत. आजी नाही, आत्या नाही. जुडी आम्ही स्टेशनबाहेरून विकत आणतो. गेल्या वर्षी मात्र सोसायटीच्या कुंपणाच्या फटीत, गटाराच्या झाकणाशेजारी एक रोप दिसलं. भाचीने मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलं, तरी दादाचं समाधान होईना. त्याने मुलुंडला फोन लावला. काकूला आता ऐकू कमी येतं, म्हणून तो रस्त्यात उभा राहून ओरडून बोलत होता.

“पानं एकाआड एक आहेत, काकू!”

“आणि बोंड? लव आहे का त्याच्यावर?”

दादाने वाकून बोट फिरवलं. “आहे!”

“मग तोच. ओढू नकोस हो वरून. बुडाशी धर.”